तरुण वयात कमरेची चकती सरकल्यास काय करावे

कमरेच्या मणक्यांमधील चकतीचे (डिस्कचे) तंतुमय कडे फाटून आतला मऊ गर बाहेर आला आणि मज्जातंतूच्या मुळाला टेकला, की कमरेपेक्षा पायातच अधिक कळ येते आणि शिंकताना, खोकताना ती वाढते. एमआरआयचा अहवाल वाचून अनेक तरुण हादरतात. मात्र काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या चित्रांतही अशा चकत्या दिसतात. शिवाय बाहेर आलेला गर बहुधा शरीरच हळूहळू शोषून घेते आणि पुष्कळांची कळ ६ ते १२ आठवड्यांत शस्त्रक्रियेविना ओसरते.

लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, जांघांच्या आतल्या बाजूस व गुदद्वाराभोवती बधिरता येणे, दोन्ही पायांतली ताकद कमी होणे, यांपैकी काहीही जाणवल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पाऊल वर उचलता येत नसेल, तरीही डॉक्टरांना तातडीने दाखवावे.

अशी लक्षणे नसतील, तर वेदना असह्य असतानाचे एक-दोन दिवस सोडून अंथरुणाला खिळून राहू नये. दिवसातून अनेकदा थोडे थोडे चालावे आणि सलग बैठक टाळावी. रात्रभर पाणी शोषून चकती फुगलेली असते, म्हणून उठल्यावर पहिला तासभर कमरेतून वाकू नये.

व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकावेत. पालथे झोपून कोपरांवर छाती उचलण्याचा व्यायाम अनेकांना मानवतो, पण सर्वांना नाही. कळ पोटरीतून मांडीकडे व मांडीतून कमरेकडे सरकत असेल, तर कंबर थोडी अधिक दुखली तरी ती सुधारणेची खूण असते; उलट ती पावलाकडे उतरू लागल्यास तो व्यायाम त्याच क्षणी थांबवावा. झटका देऊन चकती ‘बसवून’ देणाऱ्यांपासून दूरच राहावे. वेदनाशामके डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि थोडेच दिवस घ्यावीत.

सहा आठवड्यांनंतरही पायाची कळ असह्य असेल किंवा केव्हाही पायाची ताकद घटू लागली, तर शल्यचिकित्सकांचे मत घ्यावे. शस्त्रक्रियेने आराम लवकर पडतो. मात्र ताकद शाबूत असलेल्या रुग्णांत एक-दोन वर्षांनी शस्त्रक्रिया करणे व न करणे या दोन्ही मार्गांतला फरक बराच कमी होतो. व्यायामशाळेत परतण्याची घाई तरुणांनाच अधिक असते. तेथे हलक्या वजनापासून सुरुवात करावी आणि दुसऱ्या दिवशी पायात कळ उमटली नाही, तरच वजन वाढवावे.