मिशन शाळेत फी सवलत मागताय? या चुका टाळा

अ‍ॅडमिशनचे दिवस आले की आमच्या मिशन शाळेच्या ऑफिसच्या खिडकीशी कोणीतरी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या मोफत जागांच्या, फॉर्मची झेरॉक्स घेऊन उभं असतंच. पोर्टलवर तुमची शाळा दिसत नाही, ही तक्रार. ती दिसणारही नाही. आमच्यासारखी ख्रिस्ती संस्थेची शाळा अल्पसंख्याक दर्जाची असते, आणि आरटीईच्या २५ टक्के जागा अल्पसंख्याक शाळांना लागू नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये विनाअनुदानित आणि २०१४ मध्ये अनुदानित अल्पसंख्याक शाळांनाही त्यातून बाहेर ठेवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने २०१४ च्या निकालावर शंका घेऊन विषय मोठ्या पीठाकडे जावा असं म्हटलं, पण तेवढ्याने सूट गेली असं होत नाही.

याच्या उलटही चूक होते. नावात ‘सेंट’ आणि गेटवर क्रॉस दिसला की लोक शाळा मिशनची धरून चालतात. कित्येक ‘सेंट अमुक’ शाळा साध्या खाजगी ट्रस्टच्या असतात, त्यांच्याकडे अल्पसंख्याक दर्जा नसतो, आणि तिथे आरटीई लागू होतं. आईबाप मात्र ‘कॉन्व्हेंटला आरटीई नसतं’ असं ऐकून फॉर्मच भरत नाहीत. शाळेत जाऊन सरळ विचारा: अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र आहे का?

दुसरा प्रश्न, अनुदानित की विनाअनुदानित? बऱ्याच मिशनच्या आवारांत एकाच गेटच्या आत प्राथमिक विभाग विनाअनुदानित आणि हायस्कूल अनुदानित असतं. हा फरक एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीला फार महत्त्वाचा. आठवीत ही परीक्षा देऊन निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. यात धर्माची अट नाही. अनुदानित मिशन हायस्कूलमधली मुलं बसू शकतात, पण ‘आपली शाळा प्रायव्हेट’ या समजुतीने घरचे विचारतच नाहीत.

अल्पसंख्याकांच्या प्री-मॅट्रिक शिष्यवृत्तीचे जुने मेसेज अजून फिरतात. पहिली ते आठवीसाठी ती २०२२-२३ पासून बंद आहे. त्यासाठी सेतू केंद्रात पैसे घालवू नका.

शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी पैसे न येण्याचं नेहमीचं कारण बँकेत असतं. पासबुक आणतात, ‘मॅडम, आधार लिंक आहे की’ म्हणतात. खात्याला आधार नंबर जोडलेला असणं वेगळं आणि सरकारी पैसे त्याच खात्यात यावेत म्हणून आधार सीडिंग असणं वेगळं. बँकेत ‘डीबीटीसाठी सीडिंग झालंय का’ हेच शब्द वापरून विचारा. आधारवर ‘रोहित’ आणि शाळेच्या रजिस्टरला ‘रोहीत’ असेल तर तेही आधीच निस्तरा.

आता शाळेची स्वतःची सवलत. ही सरकारची नाही, संस्थेच्या गरीब विद्यार्थी निधीतून किंवा माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून येते, आणि निधी मोजका असतो. ती फक्त ख्रिस्ती मुलांनाच मिळते हा समज आमच्याकडे तरी खोटा आहे. ख्रिस्ती कुटुंबांनी पॅरिशच्या फादरांचं किंवा पाळकसाहेबांचं पत्र जोडलं तर उपयोग होतो, पण नुसत्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर फी माफ होत नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. तलाठ्याचा कागद घेऊन येणाऱ्यांना मला दरवर्षी परत पाठवावं लागतं, आणि ते माझ्यावरच चिडतात.

सगळ्यात जास्त नुकसान अर्जाच्या मजकुराने होतं. ‘घरची परिस्थिती हलाखीची असल्याने फी माफ व्हावी, ही नम्र विनंती.’ असे चाळीस अर्ज एका गठ्ठ्यात असतात. सिस्टर, मॅनेजर फादर आणि अकाउंटंट बसतात तेव्हा या चाळिसांत निवडायचं कसं? मागे एका बाबांनी वहीच्या पानावर साधारण असं लिहून दिलं होतं: ‘दुकानात कामाला आहे, पगार १४,०००. घरभाडं ३,५००. बायकोच्या ऑपरेशनसाठी ६०,००० कर्ज काढलं, हप्ता २,८००. दोन मुलांची फी वर्षाला ३८,०००. महिन्याला १,५०० भरू शकतो, उरलेल्यात जमेल तेवढी सवलत द्यावी.’ सोबत हॉस्पिटलचं बिल आणि हप्त्याची पावती. बैठकीत त्या पानावर पाच मिनिटंसुद्धा गेली नाहीत. बाबा १८,००० भरणार होते, उरले २०,०००, त्यातले १५,००० माफ झाले.

वेळेचंही तेच. आमचा निधी एप्रिलमध्ये वाटला जातो. दिवाळीनंतर दोन हप्ते थकवून आलात तर सिस्टर ऐकून घेतील, पण तेव्हा पेटी रिकामी असते. नोकरी गेली, घरात कोणी वारलं, तर मात्र त्याच आठवड्यात या, हप्ता चुकायची वाट बघू नका.

आणि ‘माफ’ म्हणजे नक्की काय माफ, हे लेखी घ्या. आमच्याकडे फक्त ट्यूशन फी कमी होते. टर्म फी, बस, युनिफॉर्म, पुस्तकं यांचा खर्च तसाच राहतो. सवलत एका वर्षापुरती असते, पुढच्या वर्षी नवा अर्ज लागतो. यंदाच्या पत्राची झेरॉक्स त्याला जोडा, जुनी फाइल शोधायला मला बरं पडतं.