केस इंटरव्ह्यूत आकडेमोड अडायची, त्यावर हे लागू पडलं

लक्षण: कन्सल्टिंगच्या केस इंटरव्ह्यूत (मुलाखतीतच एखाद्या कंपनीचा प्रश्न सोडवायला देतात) मांडणी बरोबर, पण कॅल्क्युलेटर नसल्याने उत्तर दहापट चुकतं. वैदिक गणिताच्या युक्त्या आणि कॅटची (एमबीए प्रवेश परीक्षेची) गणितं करून फरक पडला नाही. फार वैताग आला. खरा घोळ शून्यांचा होता.

आधी शून्यं बाजूला काढा. लाख 5, मिलियन 6, कोटी 7, बिलियन 9. उदाहरणार्थ, 36 लाख ग्राहक, प्रत्येकी 250 रुपये: 36 × 25 = 900. शून्यं 5 + 1 = 6. म्हणजे 900 मिलियन, 90 कोटी. शून्यांची बेरीज कागदाच्या कोपऱ्यात लिहायचीच, डोक्यात ठेवली की एखादं गळतं.

मग टक्के फोडा. 48 कोटींचे 17.5 टक्के: 10 टक्के 4.8, त्याचं निम्मं 2.4, त्याचंही निम्मं 1.2, एकूण 8.4 कोटी. (पावकी-निमकी पाठ असणाऱ्यांना हे सोपं जातं.)

भागाकारासाठी एवढंच पाठ करा: 1/6 म्हणजे 16.7 टक्के, 1/7 14.3, 1/8 12.5, 1/9 11.1.

सराव रोज थोडा, पण मोठ्याने बोलत. मुलाखतकाराला पायऱ्या ऐकू आल्या तर चूक तिथेच सापडते. उत्तर सांगण्याआधी आकडे ढोबळ करून एकदा पडताळा: पहिल्या उदाहरणात 36 ऐवजी 40 धरा, 40 × 250 लाख म्हणजे 100 कोटी, तेव्हा 90 पटतं.