घरी घासलेल्या दुर्बिणीच्या आरशाचा शेप ब्लेडने कसा तपासायचा

पॉलिश झाल्यावर आरसा चकाचक दिसतो आणि लोक लगेच कोटिंगला (काचेवर चकचकीत धातूचा थर चढवायला) पाठवायला निघतात, थांबा जरा. आधी फुको टेस्ट करा. १८५८ मधली आयडिया आहे, फ्रेंच शास्त्रज्ञ लेऑन फुकोची, पण घरी करायला अजून तरी याच्याइतकी स्वस्त आणि पक्की टेस्ट नाही. दाढीचं ब्लेड, एक एलईडी, तिच्यापुढे बारीक भोक पाडलेली फॉइल, आणि मागेपुढे सरकणारा स्टँड, त्याला डायल गेज (किती सरकलं ते बारीक मोजणारं घड्याळ) असेल तर उत्तमच.

समजा आरसा ६ इंची एफ/८ आहे, म्हणजे फोकल लेंथ व्यासाच्या आठपट. फोकल लेंथ साधारण १२२० मिमी, म्हणजे एलईडी आणि ब्लेडचा स्टँड आरशापासून त्याच्या दुप्पट लांब, २४४० मिमीवर लावायचा. कोटिंग लागत नाही, नुसती काच ४ टक्के प्रकाश परत पाठवते तेवढा पुरतो. खोलीत अंधार करा, परत येणारा ठिपका कागदावर पकडा, तिथे ब्लेड लावा आणि डोळा ब्लेडच्या अगदी मागे. आरसा पूर्ण उजळलेला दिसला की ब्लेड डावीकडून हळूच आत सरकवा. सावली पण डावीकडूनच आली तर ब्लेड आरशाच्या जास्त जवळ आहे, उजवीकडून आली तर लांब. मधे एक जागा अशी सापडते की सगळा आरसा एकदम करडा होतो, तसं झालं तर तुमच्याकडे छान गोल म्हणजे स्फिअर आहे, आणि आधी हेच मिळवा, पॅराबोलाची (आरशाला शेवटी हवा असलेला, मध्यभागी किंचित जास्त खोल आकार) घाई नको. उंचवटे-खड्डे वाचायचे तर उजेड उजवीकडून तिरका पडतोय असं समजून बघायचं.

पंखा बंद हं! आणि पॉलिश करून लगेच टेस्टला बसू नका, काच गरम असते. विश्वास नसेल तर अंगठा दहा सेकंद काचेवर टेकवून बघा, तिथे चक्क टेंगूळ आलेलं दिसतं आणि मग हळूहळू विरतं.

पॅराबोला जमायला लागला की ब्लेडमागून आरशावर मेदूवड्यासारखी सावली दिसते. आता मोजायचं. आरशापुढे लावायच्या कार्डबोर्डच्या मास्कला मध्यभागी आणि कडेला खिडक्यांच्या जोड्या कापा, जोडीतल्या दोन्ही खिडक्या एकाच वेळी करड्या झाल्या की ब्लेड कुठे आहे त्याचं रीडिंग घ्या. एलईडी जागेवर ठेवून फक्त ब्लेड सरकत असेल तर मध्य आणि कड यात सुमारे २.४ मिमी फरक हवा, दोन्ही एकत्र सरकत असतील तर निम्मा, १.२. कमी आला तर अजून घासा, जास्त आला तर पॅराबोलाच्या पुढे जाऊन हायपरबोला झालाय, परत स्फिअरकडे जा. (६ इंची एफ/१० असेल तर स्फिअरच चालतो, उगाच डोकं खाऊ नका.)

अॅस्टिग्मॅटिझम (आरशाचा वाक सगळ्या दिशांना सारखा नसणे) मात्र या टेस्टमध्ये नीट दिसत नाही. त्यासाठी ब्लेड काढून आयपीस (दुर्बिणीत डोळा लावायचं भिंग) लावा आणि ठिपका फोकसच्या आतबाहेर करून बघा. लांबट दिसला तर आरसा ९० अंश फिरवा, लांबटपणाही फिरला तर दोष काचेत, नाही फिरला तर आरशाचा आधार किंवा टेस्टरची मांडणी बघा.