प्रोस्टेट कॅन्सरच्या जनुकीय संशोधनात नमुना देताना: सहीच्या आधी आणि सहीनंतर

ओपीडीच्या गर्दीत केसपेपरला टाचलेला कागद पुढे येतो, 'बाबा, इथं सही करा' म्हणतात आणि सही होऊन जाते. बाहेर आल्यावर मुलगा विचारतो, कशावर सही केली? ही वेळ टाळायची तर नळी हातात घेतलेल्या माणसाला आधी विचारा: हे रक्त माझ्या उपचारासाठी घेताय की संशोधनासाठी? नळी बहुधा दोन्हीकडे तीच, जांभळ्या झाकणाची, त्यामुळे बघून कळत नाही. उपचाराच्या जनुकीय तपासणीचा रिपोर्ट काही आठवड्यांत डॉक्टरांकडे येतो आणि ठरावीक जनुकीय दोष असलेल्या कॅन्सरवरची ओलापॅरिबसारखी गोळी उपयोगी पडेल का, ते त्यावरून ठरतं. संशोधनाच्या रक्ताचा रिपोर्ट तुमच्यापर्यंत कधी येईलच असं नाही. संशोधनाच्या तपासणीचे पैसे रुग्णाने द्यायचे नसतात. कोणी मागितले, तर तिथेच थांबा.

संशोधन असेल तर माहितीपत्रक आणि संमतीपत्र घरी न्या. 'आजच हवं' हे कारण फारसं खरं नसतं. कागद मराठीत असायला हवा आणि सही केलेली एक प्रत तुमच्याकडे राहायला हवी. वाचता येत नसेल तर साक्षीदार लागतो. सगळं समजावून सांगताना तो शेजारी बसलेला असावा आणि अभ्यासाशी त्याचा संबंध नसावा. नेमकी इथेच गडबड होते: अंगठा आधी उठतो आणि नंतर वॉर्डातल्या मामांना बोलावून साक्षीदाराची सही घेतात. अशी साक्ष नावापुरती. साक्षीला गावाकडचं वाचता येणारं माणूस सोबत न्या. नाही म्हटलं तरी चालू उपचार किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजनेतला लाभ अडत नाही, आणि हे वाक्य कागदावर छापलेलं असायला हवं. संशोधनात रुग्णांचे हक्क जपले जातात ना, हे बघणाऱ्या एथिक्स कमिटीचा फोन नंबरही कागदावर शोधा. या समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, तक्रार तिथे करता येते.

आता संमतीपत्रावरच्या चौकटींकडे या. बऱ्याच कागदांवर त्या पानाच्या तळाशी असतात आणि घाईत सगळ्यांवर बरोबरच्या खुणा होतात. नमुना फक्त याच अभ्यासाला वापरायचा की पुढच्या कुठल्याही संशोधनाला? माहिती परदेशी पाठवायची का? कंपनीला द्यायची का? उपयोगाचं काही सापडलं तर तुम्हाला कळवायचं का? प्रत्येक चौकटीचं उत्तर वेगळं असू शकतं. या अभ्यासाला हो आणि कंपनीला नाही, असं चालतं. चौकटीच नसतील, सगळ्याला मिळून एकच सही असेल, तर तुमच्या अटी हाताने लिहून द्यायला तयार आहेत का ते विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, ठरलेले निकष पाळणाऱ्या संशोधनाला बरीच सूट आहे. म्हणून कायद्याच्या भरवशावर न राहता कागदावर काय लिहिलंय ते धरून चाला.

'नाव काढून कोड नंबर टाकतो' असं सांगतात. ते खरं असतं, पण कोड आणि नावाची यादी कुठेतरी असतेच. ती कोणाकडे, किती वर्षं, कुलपात की कोणाच्या लॅपटॉपवर, हे विचारायला संकोच नको. डीएनए स्वतःच ओळख सांगतो, ही अडचण वेगळीच. २०१३ मध्ये परदेशातल्या संशोधकांनी निनावी डीएनएमधला, बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राचा भाग वंशावळीच्या संकेतस्थळांशी ताडून काही पुरुषांची आडनावं शोधून दाखवली होती. आपल्याकडे मात्र कोणाला एवढी खटपट करावी लागत नाही. 'वय ६७, परंडा तालुका, अमुक जात, ऊसतोड मुकादम' एवढं छापून आलं की पंचक्रोशीला माणूस कळतो. म्हणून गावाऐवजी जिल्हा, नेमक्या वयाऐवजी '६५ ते ७०', आणि व्यवसाय मोघम, अशी नोंद मागा. आधारची झेरॉक्स देऊ नका. ओळखपत्र हवंच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार डाउनलोड करता येतं. संपर्कासाठी नंबर देताना तो घरात कोण उचलतं याचा विचार करा. निकाल व्हॉट्सॲपवर पाठवू नका, असं लेखी द्या. संशोधनाचा निष्कर्ष केसपेपरवर लिहिणार का, हेही विचारा. केसपेपर दहा टेबलांवरून फिरतो.

घरात कोणाला कॅन्सर झाला याचा, म्हणजे घराण्याचा तक्ता भरताना दोन चुका होतात. पहिली म्हणजे फक्त वडिलांकडचे पुरुष मोजतात. बीआरसीए-२ सारख्या जनुकातला दोष आईकडूनही येतो, आणि त्यातून बायकांना स्तनाचा व अंडाशयाचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून आत्या, मावशी, आजी सगळ्या हव्यात. मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर ते सांगा, नाहीतर एकच आजी तक्त्यात दोन बायका होऊन बसते. दुसरी चूक म्हणजे नावं लिहिणं. 'आत्या, ५२ व्या वर्षी, स्तन' एवढं पुरे. त्या आत्याने कुठलीही सही केलेली नाही.

रक्त साधारण पाच ते दहा मिली घेतात, त्यासाठी उपाशी राहायचं कारण नाही. लाळ द्यायची असेल तर आधी अर्धा तास खाणं, चहा, तंबाखू, गुटखा बंद आणि चूळ भरलेली. फेस नळीवरच्या रेषेच्या वर गेला म्हणजे नळी भरली असं नव्हे. फेसाखालची लाळ रेषेपर्यंत यायला हवी. नुकतंच रक्त चढवलं असेल तर तेही सांगा. बायॉप्सीचा मेणाचा ब्लॉक (गाठीचा तुकडा मेणात जपून ठेवलेला) मागितला तर तो शेवटचा तर नाही ना, ते बघा. पुढे उपचारासाठीच तो लागू शकतो, म्हणून पूर्ण ब्लॉक देण्यापेक्षा त्याचे काप द्यावेत किंवा परतीची लेखी हमी घ्यावी. फार जुन्या ब्लॉकमधला डीएनए तुटलेला असतो. हाडाचा नमुना ॲसिडमध्ये मऊ केलेला असेल तर तोही बहुधा वाया जातो.

परदेशातल्या अभ्यासांत, आजार शरीरात पसरलेल्या दहा पुरुषांमागे साधारण एकात डीएनए दुरुस्तीच्या जनुकातला जन्मजात दोष सापडला. असा दोष कळवला गेला तर लगेच काही करू नका. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नवा नमुना देऊन खात्री करून घ्या. 'अर्थ अनिश्चित' असा शेरा असेल तर त्यावर औषधही बदलत नाही आणि कुणाची शस्त्रक्रियाही करत नाहीत. दोष पक्का झाला तर प्रत्येक अपत्यात तो असण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. बीआरसीए-२ मध्ये दोष असलेल्या मुलाला चाळिशीपासून पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा सल्ला देतात, मुलीला स्तनाच्या तपासण्या लवकर सुरू कराव्या लागतात. मुलीच्या सोयरिकीच्या भीतीने हे दडवतात. ती भीती खोटी नाही. पण सांगायचं ते तिला, सोयऱ्यांना नव्हे. आणि तपासणी करायची का ते तिने सज्ञान झाल्यावर ठरवायचं. विम्याचा प्रस्ताव भरताना विचारलेलं लपवू नका. सरसकट 'जनुकीय आजार' म्हणून दावा नाकारणं २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं, पण असा भेदभाव रोखणारा स्वतंत्र कायदा देशात नाही.

बाहेर पडायचं असेल तर केव्हाही, कारण न देता. तोंडी सांगून भागवू नका. अर्जात अभ्यासाचं नाव, तुमचा कोड नंबर आणि तारीख लिहा, 'उरलेला नमुना नष्ट करावा आणि माझी माहिती यापुढे वापरू नये' हे वाक्य घाला, आणि झेरॉक्सवर शिक्क्यासह पोच घ्या. छापून झालेल्या किंवा इतरांना पाठवलेल्या आकड्यांतून तुमची माहिती काढता येत नाही. काय काढलं आणि काय राहिलं, याचं उत्तर मात्र लेखी मागा. महिन्याभरात आलं नाही, तर त्याच पोचेची प्रत जोडून एथिक्स कमिटीला पाठवा.