देवघेव विभागात न उमटणारे वाचन : एका संशोधनविषयाबद्दल नवोदितांसाठी

ग्रंथालयशास्त्र, गृहविज्ञान, समाजशास्त्र किंवा समाजकार्य या विषयांत पदव्युत्तर प्रकल्प अथवा पीएच.डी.चा आराखडा तयार करणारे विद्यार्थी अलीकडे ‘महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या वाचनसवयी आणि प्रजनन आरोग्याची जाण’ अशा स्वरूपाचा विषय घेऊन माझ्याकडे येतात. मी स्वतः कोल्हापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांत याच विषयावर काम केले असल्यामुळे त्यांना विषय बदलण्याचा सल्ला देत नाही. मात्र तो आराखड्यात दिसतो तितका सरळ नाही, एवढे पहिल्याच भेटीत सांगतो. वाचनाबद्दल विचारले की विद्यार्थी वाढवून सांगतात आणि प्रजनन आरोग्याबद्दल विचारले की हातचे राखून सांगतात. एकाच प्रश्नावलीत या दोन्ही प्रवृत्ती एकमेकींच्या विरुद्ध दिशेने काम करतात, आणि संशोधकाची बहुतेक मेहनत त्यांना आवर घालण्यातच जाते.

वाचनाच्या अभ्यासासाठी कोल्हापूर ही उत्तम जागा आहे. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची आहे, आणि सार्वजनिक ग्रंथालयांसाठी देशातील पहिला कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये केला. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी, १९६७ मध्ये आला. प्रस्तावनेत हे जरूर लिहावे, पण त्यावरून आजचे विद्यार्थी वाचतात असा निष्कर्ष काढू नये. शहरातील अभ्यासिका सकाळपासून भरलेल्या असतात. तेथे बसलेली बहुसंख्य मुले स्पर्धा परीक्षेची किंवा पोलीस भरतीची स्वतःची पुस्तके घेऊन आलेली असतात आणि ग्रंथालयाच्या कपाटाकडे वळूनही पाहत नाहीत. तेव्हा अभ्यासिकेतील बैठक, पाठ्यपुस्तकाचे वाचन, आवडीचे वाचन आणि मोबाईलवरचे वाचन यांतील काय मोजायचे आणि काय सोडायचे, याची व्याख्या प्रश्नावलीपूर्वी लिहून मार्गदर्शकांकडून मान्य करून घ्यावी. ही व्याख्या नंतर केली तर आकड्यांना सोयीची होते.

नवा संशोधक साहजिकच प्रथम ग्रंथालयाच्या देवघेव विभागाच्या, म्हणजे कोणी कोणते पुस्तक घरी नेले याच्या, नोंदी मागतो. प्रजनन आरोग्यापुरत्या या नोंदी जवळजवळ निरुपयोगी ठरतात, आणि त्याचे एक कारण वर्गीकरणातच आहे. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युई दशांश पद्धतीत प्रजननाचे शरीरशास्त्र ६१२.६ खाली जाते, संततिनियमन व लैंगिक आरोग्य ६१३.९ खाली, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र ६१८ खाली, तर लैंगिक संबंधांचा सामाजिक विचार थेट ३०६.७ खाली, म्हणजे समाजशास्त्राच्या कपाटात. एखाद्या मुलीला पाळीच्या तक्रारींविषयी काही वाचायचे असेल तर तिने तीन कपाटे पालथी घालावीत किंवा काउंटरवर तोंडाने विचारावे. यातले दुसरे ती करणार नाही हे उघड आहे. दुसरे कारण मला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात प्रत्यक्ष पाहायला मिळाले. स्त्री-आरोग्यावरील एक मराठी पुस्तक होते. शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी जवळपास कोरी होती. पण पुस्तक मिटून कडेने पाहिले तर मधल्या एका प्रकरणाची पाने बोटांच्या मळाने काळवंडलेली दिसत होती, बाकीची पांढरी. त्या प्रकरणाचा विषय गर्भनिरोधन हा होता. ते पुस्तक कोणी घरी नेले नव्हते, कपाटाआड उभे राहून मात्र अनेकांनी वाचले होते. ग्रंथालयाच्या संगणकावर अशा वाचनाची नोंद होत नाही. त्यामुळे देवघेवीच्या आकड्यांबरोबर, ग्रंथपालांच्या परवानगीने, कपाटातल्या प्रतींची अवस्थाही तपासावी आणि ते निरीक्षण प्रबंधात पद्धतशीर नोंदवावे, असा माझा आग्रह असतो.

प्रश्नावलीत ‘तुम्हाला वाचनाची आवड आहे का’ हा प्रश्न असू नये, कारण त्याला नाही म्हणणारा विद्यार्थी विरळा. ‘गेल्या सात दिवसांत अभ्यासक्रमाबाहेरचे काय वाचले, किती वेळ, कशावर’ असे विचारले की उत्तरे जमिनीवर येतात. आरोग्याच्या भागातही मत विचारण्याआधी स्रोत विचारावा : पाळी, गर्भधारणा किंवा संसर्ग यांविषयी शेवटची शंका आली तेव्हा तुम्ही प्रथम कोठे पाहिले किंवा कोणाला विचारले? आई, मोठी बहीण, मैत्रीण, डॉक्टर, औषध दुकानदार, यूट्यूब, पुस्तक आणि ‘कोणालाच नाही’ हे सर्व पर्याय समान दर्जाने छापावेत. शेवटचा पर्याय वगळला तर सर्वांत महत्त्वाचा गट आपोआप अदृश्य होतो. ज्ञानचाचणीतील विधाने तपासून घेता येतील अशी ठोस असावीत, जसे की बीजमोचन (अंडाशयातून बीज बाहेर पडणे) सर्वसाधारणपणे पुढच्या पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी होते, किंवा तातडीची गर्भनिरोधक गोळी लिंगसंसर्गित आजारांपासून संरक्षण देत नाही. ‘बरोबर’ आणि ‘चूक’ यांच्या जोडीला ‘माहीत नाही’ हा पर्याय नसेल तर अंदाजपंचे दिलेली उत्तरे ज्ञान म्हणून मोजली जातात. विश्वासार्हतेसाठी, म्हणजे एका भागातील प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे पाहण्यासाठी, अशा बरोबर-चूक विधानांना कुडर-रिचर्डसन २० हे सूत्र लावावे आणि दृष्टिकोनाच्या श्रेणीला (सहमत ते असहमत अशा उत्तरांच्या प्रश्नांना) क्रॉनबॅक अल्फा. दोन्ही भागांची खिचडी करून एकच अल्फा काढलेला प्रबंध तोंडी परीक्षेत हमखास अडतो.

आता वयाचा प्रश्न, ज्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. प्रथम वर्षाला प्रवेश घेणारे बरेच विद्यार्थी जून-जुलैमध्ये अठरा वर्षांचे झालेले नसतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालील सहभागींसाठी पालकांची संमती आणि त्याशिवाय विद्यार्थ्याची स्वतःची मान्यता लागते. अपवाद करायचा तर तो संस्थेची नैतिकता समिती (संशोधनात सहभागींच्या हिताची तपासणी करणारी समिती) ठरवते, संशोधक नव्हे. त्याहून गंभीर बाब २०१२ च्या पोक्सो कायद्याची, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याची. अठरा वर्षांखालील व्यक्तीबाबत लैंगिक गुन्हा घडल्याचे कळले तर ते पोलिसांना कळवणे कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे, आणि या कायद्याच्या दृष्टीने त्या वयातील संमतीला अर्थ नाही. मुलाखतीत एखाद्या सतरा वर्षांच्या मुलीने सहज बोलता बोलता काही सांगितले तर तुम्ही तिला दिलेला गोपनीयतेचा शब्द आणि कायदा यांत तुमची कोंडी होईल. माझ्या मते पहिल्याच संशोधनात ही जोखीम पत्करू नये : नमुना अठरा पूर्ण केलेल्यांपुरता ठेवावा, व्यक्तिगत लैंगिक अनुभव न विचारता ज्ञान व स्रोत विचारावेत, आणि गोपनीयतेच्या मर्यादा माहितीपत्रकात आधीच लिहाव्यात. जन्मतारीख मागू नये. ‘अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत का’ एवढे पुरते. नैतिकता समितीची मान्यता माहिती गोळा करण्यापूर्वीच घ्यावी लागते. ती मागाहून मिळत नाही. महाविद्यालयात अशी समिती नसेल तर विद्यापीठ किंवा एखादे वैद्यकीय महाविद्यालय यांच्या समितीकडे अर्ज करता येतो का, हे पहिल्या सत्रातच विचारून ठेवावे.

प्रत्यक्ष माहिती गोळा करताना गूगल फॉर्मचा मोह टाळावा, असे मी अजूनही सांगतो. फॉर्म वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर जातो, ईमेल नोंदवण्याची सोय चुकून सुरू राहते, आणि अनेक मुलींचा मोबाईल घरी भाऊ किंवा वडीलही हाताळत असतात. छापील प्रश्नावली, एका बाकावर एक विद्यार्थी अशी परीक्षेसारखी बैठक, आणि भरलेला कागद घडी घालून टाकण्यासाठी मागच्या दाराजवळ ठेवलेली बंद पेटी ही जुनीच पद्धत खात्रीची ठरते. मुले-मुली एकाच वर्गात असतील तर पेन थांबलेल्या मुलीकडे शेजारचे पाहतात. म्हणून प्रश्नावलीचा वाचनसवयींचा भाग शेवटी ठेवावा, म्हणजे आरोग्याचा एखादा प्रश्न सोडणारीही पुढे लिहीत राहते आणि सगळ्यांची पेने सारखीच चालू राहतात. प्राध्यापकांनी त्या वेळी वर्गात थांबू नये, ही विनंती प्राचार्यांच्या परवानगीपत्रातच घालून घ्यावी. संमतीपत्रावर सही घेतली तर ती प्रश्नावलीपासून वेगळी, वेगळ्या पाकिटात ठेवावी; दोन्ही एकत्र टाचले की निनावीपणा संपला.

नमुन्याबाबत थोडक्यात. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटीमर्यादा धरली की नमुन्याचा आकार काढण्याच्या कोक्रॅनच्या सूत्राने ३८४ हा आकडा येतो आणि तो प्रबंधाप्रबंधांतून फिरतो. हे सूत्र साध्या यादृच्छिक नमुन्यासाठी आहे. आपण सोयीसाठी वर्गच्या वर्ग उचलतो, आणि एका वर्गातील मुले एकमेकांसारखी उत्तरे देतात. तेव्हा संख्या त्या प्रमाणात वाढवावी लागते.

विश्लेषणात ‘जास्त वाचणाऱ्यांना जास्त माहिती आहे’ हे सारणीत दिसले की नवोदित संशोधक ‘वाचनामुळे जाण वाढते’ असे लिहून मोकळा होतो. बारावीला जीवशास्त्र असलेल्या विद्यार्थ्याने प्रजननाचा धडा परीक्षेसाठी पाठ केलेला असतो, कला शाखेतल्या विद्यार्थ्याचा या विषयाशी संबंध दहावीच्या विज्ञान पुस्तकानंतर सुटलेला असतो. आईचे शिक्षण, वसतिगृहातील वास्तव्य, लिंग यांचाही परिणाम असतो. शाखा वेगळी काढून सारणी पुन्हा मांडली की वाचनाचा दिसणारा प्रभाव कधी निम्म्यावर येतो, कधी टिकतो. जे येईल ते लिहावे.

पूर्वसाहित्याच्या आढाव्यात परदेशी शोधनिबंधांची रांग लावण्याआधी मराठीतला इतिहास पाहावा. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. या मासिकावरील अश्लीलतेच्या १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. या विषयावरचे मराठी वाचन शंभर वर्षांपूर्वीही होते आणि तेव्हाही ते गुपचूपच होत असे, हे लक्षात घेतले तर आजच्या मुलांच्या संकोचाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. सरकारी बाजूसाठी २०१४ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आणि शासकीय रुग्णालयांतील किशोरवयीनांसाठीचे ‘मैत्री’ क्लिनिक यांची माहिती घ्यावी. पेटीत कागद टाकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ज्ञानचाचणीची बरोबर उत्तरे आणि जवळच्या अशा केंद्राचा पत्ता असलेले पत्रक द्यावे. त्यासाठी कोणताही मार्गदर्शक आडकाठी करत नाही.

अहवाल लिहिताना महाविद्यालयांना अ, ब, क अशी अक्षरे दिली म्हणजे ओळख लपली, असे समजू नये. चंदगड किंवा गगनबावड्यासारख्या तालुक्याचे नाव आणि शाखा एकत्र छापली की जिल्ह्यातला कोणताही प्राध्यापक महाविद्यालय ओळखतो, आणि ‘वसतिगृहात राहणारी, कन्नड मातृभाषेची, द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी’ असे अवतरणाखाली लिहिले की तिच्या वर्गमैत्रिणी तिला ओळखतात. तालुक्यांऐवजी शहरी व ग्रामीण असे दोनच गट ठेवावेत, पाचपेक्षा कमी संख्येचे रकाने शेजारच्या रकान्यात मिळवावेत, आणि अवतरणांखाली लिंग व शाखा यांपलीकडे काही देऊ नये. प्रबंध पुढे शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, जातो आणि तेथे तो कोणालाही वाचता येतो. सारण्या अंतिम करताना हे वाचकही डोळ्यांसमोर असू द्यावेत.