खाऱ्या हवेत अडकणाऱ्या काचा आणि दरवाजे

मालवण, वेंगुर्ला, गुहागर अशा किनाऱ्यालगतच्या गावांत गाडीची काच अर्ध्यावर अडकली, तर दोष बहुतेक वेळा मोटरचा नसतो. काच ज्या रबरी खाचेत सरकते तिथे मीठ, वाळू आणि बुरशी साचलेली असते. बटण दाबून धरू नका, मोटर तापते. पाच-दहा मिनिटं थांबा, मग दोन्ही तळव्यांनी काच वर ओढत दुसऱ्याला बटण दाबायला सांगा.

खरं काम खाचेचं. काच पूर्ण खाली घ्या. जुन्या प्लास्टिक कार्डाला ओलं फडकं गुंडाळून ते स्वच्छ निघेपर्यंत खाच पुसा आणि नीट सुकू द्या. मग सिलिकॉन स्प्रेला नळी लावून दोन्ही बाजूंना पातळ फवारा मारा, काच चार-पाच वेळा वर-खाली करा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल इथे नकोच. रबर फुगतं आणि वाळू चिकटून बसते.

दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात, त्यांच्याकडे फार दुर्लक्ष होतं. सुरूच्या काड्यांनी ती बुजली की पाणी आत साचतं, दार हलवल्यावर खळखळ ऐकू येते आणि पत्रा आतून सडतो. केबल टायने भोकं मोकळी करा. तारेने रंग खरवडतो, गंज तिथूनच धरतो.

कुलपाच्या खटक्याला पांढरं लिथियम ग्रीस, किल्लीच्या भोकात ग्रॅफाइटची पूड. दार रबराला चिकटत असेल तर रबरावरून सिलिकॉनचं फडकं फिरवा. पावसाआधी एकदा, नवरात्राच्या सुमारास पुन्हा.