लंडनचं तिकीट आणि घड्याळाचा घोळ

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. मुंबईहून दुपारी १ ला सुटून लंडनला संध्याकाळी ६.३० ला पोचणारं विमान साडेपाच तासांत जात नाही. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे (हिवाळ्यात साडेपाच), म्हणजे आपल्याकडे तेव्हा रात्रीचे ११. प्रवास दहा तासांचा. सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. येताना पश्चिमेकडचे वारे पाठीशी, म्हणून वेळ कमी लागतो.

पण कुडाळ-कणकवलीकरांनी खरा हिशोब मुंबईपर्यंतचा करावा. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या मुद्दाम हळू धावतात, दरड पडली तर विचारूच नका. आदल्या दिवशीच निघा. विमान काय, गणपतीच्या गर्दीसाठी थांबणार आहे?